पंचवीस पट्ट्यांच्या पन्नास

आदरणीय साडूभाऊ यांस (वयाने तीन महिन्यांनी मोठे, आणि त्या तीन महिन्यांचा मान गेली चौतीस वर्षं चोख वसूल करणारे),

सप्रेम नमस्कार. विनंती तूर्त काही नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे. तुमची तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, ताईंचा खोकला गेला की नुसता दुसऱ्या खोलीत गेला, हे विचारायचं रोज राहून जातं. आपण रोज सकाळी सातला फोनवर बोलतो खरे, पण त्याला बोलणं म्हणायचं का? तुम्ही म्हणता, "एकशे चार." मी म्हणतो, "अठ्ठ्याण्णव." तुम्ही "हं" म्हणून फोन ठेवता, आणि त्या एका "हं"वर माझा नाश्ता गोड लागतो (बिनसाखरेचा असूनही). तर आज म्हटलं, आकडे सोडून काही लिहावं. पत्राची एक सोय असते, समोरच्याला मध्येच बोलता येत नाही, आणि तुम्हाला ती सवय आहे हे मी प्रेमानेच सांगतो.

आपल्या दोघांची साखर एकाच वर्षी वर गेली. दोन्ही जावयांना सारखं वागवायचं हे सासरचं तत्त्व मेव्हण्याने तेव्हाही पाळलं आणि दोघांना एकसारखी रक्त तपासायची मशीनं आणून दिली. केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं! ती मशीनं त्यालाही फुकटच मिळाली होती, हे मला पहिली डबी संपल्यावर कळलं. मशीन कुणीही फुकट देईल हो, खरी मेख पट्टीत आहे. बोट टोचा, थेंब काढा, पट्टीला लावा, आकडा बघा आणि पट्टी फेकून द्या. ती दुसऱ्यांदा चालत नाही. जेवढ्या किमतीत ती पट्टी येते तेवढ्यात मी एक जाडजूड वही बांधून देतो, कोपरे गोल करून. बोट माझं, रक्त माझं, कळ माझी, आणि ते नुसतं बघायचं रोजचं भाडं त्या कंपनीला! डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवसातून दोनदा बघा. मी मान डोलावली. मान डोलवायला पट्टी लागत नाही.

बरं, पैसे मोजायची तयारी केली तरी पट्ट्या मिळायला हव्यात ना. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला आम्ही घरात "उद्या" म्हणतो, कारण दुकानात शिरण्याआधीच तो ते म्हणतो. दोन महिने मी त्याच्याकडे खेटे घातले. कधी माल निघालाय, कधी माल पोचतोय, कधी माल पोचला पण दुसऱ्याच मशीनचा पोचला. शेवटी त्याने खाजगीत सांगावं तसं काउंटरवर वाकून सांगितलं, "काका, तुमचं मशीन जुनं झालं. नवीन घ्या, मी फुकट देतो." फुकट हा शब्द ऐकल्याबरोबर मी सावध झालो. नवीन मशीनच्या पट्टीची किंमत विचारली. ती सांगताना त्याने आवाज आणखी खाली नेला, आणि मी जुन्या मशीनशी एकनिष्ठ राहायचं ठरवलं.

मग झाला तो पट्ट्यांचा घोटाळा. आमच्या बांधणीच्या धंद्यात पुस्तकाच्या कण्याला कापडी पट्टी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एके दिवशी सकाळी घरात दोन्ही पट्ट्या संपत आल्या होत्या. मी कारखान्यात (म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत) सरस ढवळता ढवळता फोनवर दोन निरोप लिहिले, एक औषधवाल्याला आणि एक कापडवाल्याला. चष्मा कपाळावर होता. कापडवाल्याला निरोप गेला: "पट्ट्या संपल्या. रोज सकाळी बोट टोचून रक्त काढून बसतो आणि पट्टी नाही. हे असं किती दिवस चालणार?" वीस वर्षांचा घरोबा, बिचारा हातातलं गिऱ्हाईक सोडून धावत आला, आणि दारातूनच मला म्हणाला, "अहो, उधारी थोडी राहिली तर राहिली, त्यासाठी कशाला रक्त काढता?"

औषधवाल्याला काय गेलं असेल ते ओळखलंच असेल. "दोन इंची पट्ट्या हव्यात, पन्नास. गडद लाल. मागच्या दोन दिवसांत उसवल्या, या वेळी मजबूत द्या." दोन महिने ज्याचा उद्या उजाडला नव्हता त्याने अर्ध्या तासात बँडेजच्या पट्ट्यांची पिशवी पाठवली, सोबत कापूस, लाल औषधाची बाटली आणि चिठ्ठी: "टाके उसवले असतील तर घरी काही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा." ती पिशवी परत करायला मी गेलो तर आमच्या गल्लीतल्या तिघांनी मला वाटेत थांबवून जखम दाखवा म्हटलं. साखर तपासायची पट्टी मात्र आलीच नाही.

आता पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहितो. माझ्याकडे शेवटची एक डबी उरली होती, पंचवीस पट्ट्यांची. मी ती टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसलो. साडूभाऊ, चाळीस वर्षं मी कागद वाया जाऊ दिलेला नाही. प्रबंधाच्या कडा कापल्यावर उरलेल्या चिटोऱ्यांच्याही मी पानखुणा करतो. आणि ही पट्टी! थेंब लागतो टोकाला, मोहरीएवढा. बाकीची रुंदी काय काम करते? मला कुणी पट्टी पढवली म्हणावं तर तसंही नाही, ही अक्कल सर्वस्वी माझी. उभी कापली तर एकीच्या दोन. पंचवीसच्या पन्नास. आणि माझ्या घरात केसाचे दोन भाग करणारं कटिंग मशीन उभं असताना मी त्या औषधवाल्याच्या पाया का पडायचं?

कुणीही शहाण्या माणसाने आधी एक कापून बघितली असती. पण थप्पी नीट जुळवून एका दाबात कापायची ही आमच्या हाताची रीत. एकेक कापली तर कड सरळ येत नाही. पंचवीसच्या पंचवीस एकावर एक रचल्या, मध्यावर पातं आणलं आणि दाबलं. काय कड आली होती म्हणून सांगू! मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. मग बोट टोचलं, अर्धी पट्टी मशीनमध्ये सरकवली, आणि मशीनने चूक असल्याची खूण दाखवली. दुसरी अर्धी घातली, तीच खूण. उलटी घातली, सुलटी घातली. शेवटी दोन अर्ध्या पातळ कागदाने मागून जोडून एक पूर्ण केली. जोड एवढा बेमालूम की कंपनीच्या माणसालाही ओळखता आला नसता. मशीनला ओळखता आला. त्या पट्टीच्या पोटात म्हणे उभ्या तारा असतात, आणि त्या दोन्हीकडे लागतात. हे डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, असं मला नंतर दिसलं, भिंगातून.

हिला सांगायची सोय नव्हती. ती शेजारीच पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवत बसली होती आणि "आज कसलं कापताय एवढं मन लावून?" असं विचारूनही झालं होतं. मी म्हटलं, "पानखुणा." आणि दुसऱ्या दिवशी सातला तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "एकशे चार." मी काय गप्प बसणार? म्हटलं, "अठ्ठ्याण्णव." एकदा तुम्हाला सांगितलं म्हटल्यावर वहीत लिहिणं आलं. (वही मीच बांधलेली, डॉक्टरीणबाईंना दाखवायची.) मग सहा आठवडे मी आकडे लिहिले, आणि अभिमानाने सांगतो की त्यात कुठेही हयगय केली नाही. रोज अठ्ठ्याण्णव लिहिलं असतं तर कुणीही पकडलं असतं. मी एकशे सात लिहिलं, त्र्याण्णव लिहिलं, आठवड्यातून एखादा एकशे छत्तीस टाकून पुढे कंसात "काल बाहेर जेवण" असं लिहिलं. त्या न झालेल्या जेवणाबद्दल हिने मला दोन दिवस फैलावर घेतलं. काही न खाता मी बोलणी खाल्ली.

डॉक्टरीणबाईंनी वही बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना त्यांनी ती उघडून दाखवली. "याला म्हणतात शिस्त." सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी बुटांकडे. एवढ्या चांगल्या आकड्यांना एवढी गोळी कशाला, म्हणून त्यांनी गोळी अर्धी केली. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी थँक्यू म्हटलं.

त्यानंतर तहान वाढली, ते मी उन्हावर ढकललं. अक्षरं पुसट दिसू लागली, ते छापखान्यावर ढकललं. मग विद्यापीठातल्या एका मुलीने तिच्या प्रबंधाच्या पाच प्रती बांधायला टाकल्या, दुसऱ्या दिवशी दाखल करायच्या होत्या. सोनेरी अक्षरं, लाल कणा, मी जीव ओतून काम केलं. ती न्यायला आली, पहिली प्रत उघडली आणि बघतच राहिली. म्हणाली, "काका, ही नवीन पद्धत आहे का?" वरचं नाव सुलट, आतला प्रबंध उलटा. पाचही प्रतींत. तिला रडू फुटायच्या बेतात होतं आणि मला तर आधीच फुटलं होतं. हिने सुरी आणली, कणे सोडवले, आणि दिवसभर बसून पाचही परत बांधल्या. पान सुलट आहे की नाही हे ती बघायची आणि मी नुसता दाबायचो. चाळीस वर्षांत मी पुस्तक उलटं बांधलं नव्हतं. साडूभाऊ, मी घाबरलोय. माझे हात अजून शाबूत आहेत, पण डोळ्यांशिवाय बाइंडरच्या हातांना काय काम, हे मला कळत नाही.

असो. फार रडगाणं झालं. ताईंना नमस्कार, खोकल्याला निरोप. लोभ आहेच, तो साखरेसारखा वरखाली होऊ देऊ नये.

तुमचा,
धाकटा साडू (तीन महिन्यांनीच)

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. तुमच्या कपाटात आपल्या मशीनच्या पट्ट्यांच्या दोन सीलबंद डब्या आहेत, असं तुम्ही मागच्या महिन्यात दोनदा ऐकवलंत. त्यातली एक पाठवता येईल का? कापणार नाही, शपथ घेतो.

ता. क. दुसरी. वरची ता. क. खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला कागद पाठवणं आमच्या धंद्यात शोभत नाही. पट्ट्या नाही पाठवल्यात तरी चालेल. डॉक्टरीणबाईंनी गुरुवारी दहाला आपणहून बोलावलंय, आणि त्यांच्यासमोर ती वही खोटी आहे हे मला एकट्याने सांगवणार नाही. तुम्ही याल का? काही बोलू नका, नुसते शेजारच्या खुर्चीत बसा. मी अठ्ठ्याण्णव म्हणायला लागलो तर माझ्या पायावर पाय द्या. सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच. आणि हिला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. तिसरी, वेगळ्या हाताची. भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. मशीन जुने आकडे साठवून ठेवतं, हे यांच्या गावीही नाही. प्रबंध उलटा निघाला त्याच दिवशी मी बघितलं. शेवटचा आकडा अडीच महिन्यांपूर्वीचा आहे, आणि तो दोनशे अकरा आहे. लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला, गुरुवार मीच मागून घेतला. गोळीही त्यांना विचारून पुन्हा पूर्ण केली आहे, हे न बघता गिळतात. स्वतःच्या तोंडाने सांगतील म्हणून गप्प बसले आहे. फर्मे मी एकटी शिवीन, दुकानही चालवीन, पण यांचे डोळे मला हवे आहेत.

तेव्हा तुम्ही याच. मात्र पायावर पाय द्यायला नाही. तुमच्या दोन डब्या सीलबंद का राहिल्या, हा प्रश्न यांना पडला नाही, मला पडला. काल ताईला विचारलं. तुमच्या मशीनचा सेल मार्चपासून तिच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात आहे. गुरुवारी रक्त दंडातून काढतात, पट्टी लागत नाही. दोघांचीही नावं दिली आहेत, दोघांनीही उपाशीपोटी यायचं, आणि रिपोर्ट आम्हा बहिणींच्याच हातात द्यायचे असं तिथे सांगून ठेवलंय.