एका कवडीची खरेदी

११ नोव्हेंबर, मळवली

आलो एकदाचे! टेम्पोत गॅसची शेगडी, दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी आणि सगळ्यांच्या डोक्यावर चिमीचा पाळणा. सत्यम म्हणाला, वरात निघाल्यासारखं दिसतंय. मी म्हटलं, आपल्या लग्नात तरी एवढा थाट कुठे होता!

बंगला मोठा आहे, पण आमचं बिऱ्हाड मागच्या दोन खोल्यांत. खिडकीतून लोहगड दिसतो. भाताची कापणी उरकत आलीय, सगळीकडे पेंढ्याचा वास. सत्यमला नवलाख उंबऱ्याचा कारखाना इथून जवळ पडतो आणि मला घरबसल्या काम. बंगल्याचे मालक राजेंद्रसाहेब पश्चिम आफ्रिकेत धंदा करून परतलेत. तिकडून आणलेल्या जुन्या वस्तूंचं पुढच्या हॉलमध्ये त्यांना छोटं संग्रहालय करायचंय. वस्तू मांडायच्या आणि त्यांची माहिती मराठीत लिहायची, हे माझं काम. इतिहासात एम.ए. केलं ते वाया गेलं म्हणणाऱ्या सासूबाईंना आता फोटो पाठवणार.

चिमी चार महिन्यांची झाली. अजून बारसं नाही. आधीची दोन्ही बाळं महिन्याच्या आत गेली, त्यांची नावं आम्ही हौसेनं ठेवली होती. म्हणून हिचं नाव ठेवायला मी घाबरते. हे कुणाला सांगत नाही, इथे लिहिते.

१४ नोव्हेंबर

हॉल झाडून घेतला. वस्तू पाहून जेवण गेलं नाही. पायातल्या बेड्या, त्यातली एक जोडी इतकी लहान की पोराच्याच पायात बसेल. खांद्यावर डाग द्यायची लोखंडी मुद्रा, तिच्यात दोन गोल एकमेकांत अडकलेले. एक चिमट्यासारखं हत्यार, त्याला स्क्रू. गुलामांच्या जहाजावर जी माणसं अन्न नाकारायची, त्यांच्या दातांत ते घालून तोंड उघडायचे. मेलेल्या माणसाची किंमत येत नाही ना, म्हणून जगवायचं.

आणि एक पेटीभर कवड्या. त्या आपल्याच समुद्रातून गेल्या, हे मला नव्यानं टोचलं. युरोपातले व्यापारी मालदीवच्या कवड्या जहाजांत भरून न्यायचे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या मोजून माणसं घ्यायचे, आणि ती माणसं जहाजाच्या तळात साखळीनं जखडून अटलांटिकपार उसाच्या मळ्यांत विकायचे. हे लिहिता लिहिता चहात साखर घातली आणि स्वतःचाच राग आला.

बंगल्याची राखण करणारं जोडपं भलतं गोड आहे. कोंडाजीआबा बाग बघतात, सरुबाई स्वयंपाकघर. सरुबाई देवीची आराधी, गळ्यात कवड्यांची माळ. पेटी पाहून तिनं हातच जोडले. म्हणाली, "आगं बाय, ह्या तर आईच्या कवड्या!" मी म्हटलं, मावशी, ह्यांनी माणसं विकत घेतलीत. ती हसली, तिला खरं वाटलं नाही.

१७ नोव्हेंबर

चिमीला ताप. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले काळजीचं कारण नाही. पण मला तिसरीही जाणार, असंच वाटत राहिलं.

सरुबाईनं उपाय सांगितला. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे आई पोराला शेजारणीला विकते आणि मूठभर कोंडा देऊन परत घेते. दैवाला वाटतं, हे पोर हिचं नाहीच. आबांचं नाव कोंडाजी पडलं ते असंच. "ह्ये बग की, सत्तरीचा झाला तरी मरंना," असं तिनं नवऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं. आबा बिचारे लाजले. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं आहे, ह्यावर हसलेलीही आहे. पण आई झाल्यावर शहाणपण पाळण्याखाली ठेवावं लागतं.

१८ नोव्हेंबर

विकली! सरुबाई उंबऱ्याबाहेर, मी आत. किंमत म्हणून तिला कवडी द्यायची होती, पण गळ्यातली माळ देवीची, तिच्यातली कवडी व्यवहाराला चालत नाही. मग मीच हॉलमधल्या पेटीतून एक काढून तिच्या हातात ठेवली. तिनं ती मला दिली, चिमीला पदरात घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पोर म्या घेतलं!" सत्यमनं व्हिडिओ काढला. मग मी सुपातून कोंडा दिला आणि लेक परत घेतली. कवडी पदराला बांधली. सगळे पोट धरून हसलो. संध्याकाळी ताप उतरला. रविवारी बारसं करू, नाव माधवी.

२१ नोव्हेंबर

चिमीच्या उजव्या खांद्यावर लाल डाग. दोन गोल, एकमेकांत अडकलेले.

डॉक्टर म्हणाले, हे भाजलेलं आहे. माझ्याकडे बघत राहिले. मी घरी आले तर मुद्रा कपाटात होती, कुलपात, आणि हात लावला तर गरम. सत्यमनं सरुबाईला नाही नाही ते बोलून घेतलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, की दोन दिवस झाले, दुपारी मागच्या दारी कुणी तरी येतं, बूट वाजतात, आणि घेतलेलं पोर कुठाय असं विचारतं. तिनं सांगितलं, पोर माझं नाही, त्याच्या आयचं आहे.

सत्यमनं माफी मागितली. बारसं राहिलं.

२३ नोव्हेंबर

सरुबाई जेवेना. म्हणते, घास तोंडाजवळ नेला की समुद्राचा वास येतो. भर दुपारी स्वयंपाकघरातून किंकाळी आली. दाराला आतून कडी. सत्यमनं आणि आबांनी दार फोडलं.

ती फरशीवर उताणी पडलेली. पुढचे दात मुळापासून तुटलेले, ओठ फाटून गालापर्यंत, जबडा निखळलेला, सगळा पदर रक्तानं भिजलेला. घशात कोंबलेला भात. शेजारी ते हत्यार, स्क्रू पूर्ण फिरवलेला. आत दुसरं कुणीही नव्हतं.

तिला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना आबा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "कवडी कुनाची व्हती ताई? जेची कवडी, तेची खरेदी. आमचं नुसतं नाव झालं." म्हणजे सरुबाईनं घेतलीच नव्हती. तिच्या हातून चिमीला त्या व्यापाऱ्यांनी घेतलं. आणि त्यांची कवडी मी काढून दिली, मी, माहिती लिहिणारी बाई! मला स्वतःचे हात तोडावेसे वाटतात.

२४ नोव्हेंबर

कवडी पेटीत परत टाकली. हात वर आला तर मुठीत कवडी. पुन्हा टाकली, पुन्हा मुठीत.

चिमीला घेऊन बाइकवरून कुसगावला नणंदेकडे निघालो. फाटक ओलांडलं आणि तिनं जो टाहो फोडला! दोन्ही घोट्यांना निळं कडं उमटलं, बघता बघता आत रुतायला लागलं. मागे फिरलो. फाटकाच्या आत येताच सुटलं. लेक माझ्या छातीशी, आणि तिच्यावर हक्क दुसऱ्याचा.

२५ नोव्हेंबर

सत्यम पेटी इंद्रायणीत टाकायला गेला. आबा बरोबर होते, त्यांनीच सांगितलं: पेटी पाण्यावर धरली आणि पहिला फटका बसला. मारणारा दिसत नव्हता. शर्ट फाटला, मग कातडं फाटलं. सत्यम गुडघ्यांवर गेला तरी फटके थांबले नाहीत. आबांनी पाय धरून ओढत आणला. पाठीवर बोटभर जागा शाबूत नाही. मी जखमा धुतल्या. पाणी चाटून पाहिलं, खारट.

पेटी हॉलमध्ये, जागच्या जागी.

२६ नोव्हेंबर

सरुबाई गेली. दवाखान्याच्या खाटेवर, कोरड्या अंथरुणात, बुडून. छातीत समुद्राचं पाणी. डॉक्टर आबांना विचारत होते, हिला घेऊन कुठे गेला होतात तुम्ही?

२७ नोव्हेंबर

ते दिसतात आता. सकाळी अंगणात, लख्ख उन्हात. माणसांची रांग, गळ्यागळ्यातून साखळी. एक बाई चालता चालता हात असे धरते, तान्हं घेतल्यासारखे. हात रिकामे. तिनं माझ्या चिमीकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, नको. मला सांगत होती, नको देऊ.

ह्यांची भीती नाही वाटत. रांगेमागे जे बूट वाजतात, त्यांची—

२८ नोव्हेंबर

आबा म्हणतात बदली देता येईल. जिवाला जीव. पण आपणच आपल्याला विकता येत नाही, घरच्यानं कवडी घ्यावी लागते. "मला इका. माझं आता कोन ऱ्हायलंय?"

मी कवडी घेतली. देवा, घेतली मी. आबा उंबऱ्यात उभे राहिले. कुणी तरी त्यांचा जबडा दोन्ही बाजूंनी दाबून उघडला. दात पाहिले. दंड दाबला. मग उचलून पायरीवर आपटलं. मांडीचं हाड बाहेर आलं. म्हातारा माल नको.

कवडी माझ्या हातातून गेली, परत पेटीत.

सत्यम चालेल का? फाटलेल्या पाठीचा? नाही. मी आहे. तीस वर्षांची, धडधाकट. सत्यमला सांगायला हवं. तो नाही म्हणेल. पाया पडेन त्याच्या.

२९ नोव्हेंबर

ते बूटवाले उद्या चिमीला नेणार. चिमीचे घोटे काळे पडलेत. सत्यमला सांगायला तोंड उघडलं, तो उठून हॉलमध्ये गेला. परत आला तर माझ्याकडे बघेना.

३० नोव्हेंबर

चिमीचा डाग गेला! खांदा स्वच्छ. पाय गुलाबी. हसली. मी नाचले, सत्यमला हाक मारली—

तो भिंतीकडे तोंड करून बसलाय. मूठ आवळलेली. उघड म्हटलं, उघडेना.

माझा खांदा जळतोय.

मी तेच सांगणार होते रे. हेच मागणार होते. पण विचारायचं होतंस. एकदा विचारायचं होतंस मला—

घोट्यात लोखंड. दिसत नाही, पण लिहिताना टेबलाखाली वाजतं. बूट पायरीवर आलेत.

राग नाही. आहे. नाही. तिला घे आता, भिंतीकडे नको बघू, तिला घे.

दूध दोनदा उकळ. पाणी घालू नको, सासूबाई म्हणतील तरी. ढेकर काढल्याशिवाय निजवू नको, आणि उताणी नाही, कुशीवर, डाव्या कु—