लवंगी हात जोडत नाही

प्रिय बाबा,

आज सकाळी शेजारच्या अनुसयाबाई आपल्या दारात भांडायला आल्या. तुम्ही गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस हळू आवाजात बोलतो. त्यांनी मात्र फाटकापासूनच तोंड सोडलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणून तर लिहायला बसले.

"तुही लवंगी माह्या आंगणातला मोह बकरीले काऊन चारून राह्यली?" हातात रविवारचा पेपर. चित्रातली मोडकी खाट त्यांची, वाळत घातलेली मोहफुलं त्यांची आणि झिंगलेली बकरीही त्यांचीच, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "बाई, ते चित्र हाय."

"मंग लोक मले हासून राह्यले, त्याचं काय?"

बाबा, आपल्या सिंदेवाहीत तुमची चित्रं कुणी चित्रं म्हणून पाहिलीच नाहीत. दुकानांच्या पाट्या रंगवून झाल्या की तुम्ही दर आठवड्याला चार चौकटींत लवंगी ही द्वाड पोर काढायचात, आणि रविवारी लोक ती बातमी समजून वाचायचे. लवंगीनं नाटकाच्या पडद्याची दोरी सोडली, तर नाटकवाले माझी चौकशी करत घरी! मी बिचारी तापानं फणफणलेली. अर्ध्या खोड्या माझ्या होत्या, मान्य. उरलेल्या कुणाच्या होत्या हो? बोलणी मात्र सगळी मलाच. आणि तुम्ही ब्रश धूत हसत बसायचात!

तुमच्यानंतर पेपरवाल्यांचा फोन आला. शेवटचं एक चित्र द्या म्हणाले, तुमच्या फोटोपुढे हात जोडून उभी असलेली लवंगी. मग ती जागा राशिभविष्याला जाणार. माझी चित्रकला तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवलं का नाही हो कधी? पण परक्या हातानं तिला निरोप द्यावा, हे सहन होईना. रडत रडत काढली.

आईनं ती पाहिली. तीच आई, जी "पोरीले पेपरात घालून बदनाम करून राह्यले" म्हणून जन्मभर तुमच्यावर कावली. चष्मा पुसून म्हणाली, "हे कोनाची पोरगी हाय व? लवंगी अशी उभी राह्यते का? खोड ते."

"आई, शेवटचं चित्र हाय."

"तुह्या बाबानं सांगतलं का तुले, शेवटचं म्हणून?"

खोडलं, आणि बकरीचं चित्र काढून पाठवलं. लवंगीचं नाक वाकडं आलंय, बकरी तर कुत्र्यासारखी दिसते. अनुसयाबाईंनी ती ओळखली कशी, देव जाणे! पेपरवाल्यांनी छापलं आणि विचारलं, पुढच्या रविवारी देता का? मला हो म्हणायचा धीर होईना. तुमची लवंगी माझ्या हातून बिघडली तर?

आज अनुसयाबाई मनसोक्त भांडून गेल्या आणि मी लगेच फोन लावला. देते म्हटलं.

तुमची फार आठवण येते, बाबा. पण एक शब्द देते. माझे केस पिकले, हात थरथरला, तरी लवंगी आठ वर्षांचीच राहील. आणि शहाणी तर मी तिला मुळीच होऊ देणार नाही.

तुमची, तिच्या वाटची बोलणी खाणारी,
वंदना