हौद्याचं माप

रविवार, संध्याकाळ

नवी पिकअप आज दारात आली. शोरूममध्ये बाकीची गिऱ्हाइकं रंग बघत होती, मायलेज विचारत होती. आमचे हे मात्र टेप लावून हौद्याची लांबी मोजत होते, तीही दोनदा. विचारलं तर म्हणाले, "आंब्याच्या पेट्यांना नको?" आमची कलमं पंधरा आणि मोसम दोन महिन्यांचा. उरलेले दहा महिने त्या हौद्यात काय भरणार? नवऱ्यावर संशय घेणं मला आवडत नाही. पण उगाच कोणी मापं घेतं का?

मग गाडी देवळात नेली. गुरवकाकांनी नारळ हातात घेऊन विचारलं, "गाऱ्हाणं काय घालू रे, सुरेश?" हे त्यांच्या कानाशी पुटपुटले. काकांना हळू बोलणं ठाऊक नाही. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा लेक शाळेची नोकरी सोडून मासळीच्या धंद्यात पडतोय, त्येला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

त्यात माझाही आवाज होता. सवयीने निघून गेला. घर चालतं ते त्याच पगारावर, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. पण आता जाब कोणत्या तोंडाने विचारू? देवासमोर मीच होकार देऊन आले.