राजाला दार बंद

बाबा, इंग्लंडमधल्या आपल्या हल गावातली ती जुनी वेस अजून आहे. भर बाजारात, रस्त्याखालच्या खड्ड्यात, थोड्याशा विटा. लोक शेजारी बसून चिप्स खातात आणि कागद आत टाकतात. तुम्हाला ते अजिबात खपायचं नाही. खोदकाम झाल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही तिथे न्यायचात. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा स्वतः घोड्यावरून आला होता, गावातल्या शस्त्रांच्या कोठारासाठी. गव्हर्नरने वेस लावून घेतली, तटावर गुडघे टेकले आणि म्हणाला, महाराज, मी तुमचाच सेवक, पण दार उघडता येणार नाही. राजाने घासाघीस केली, बरोबर थोडीच माणसं आणतो म्हणाला. तरी नाही. मग झक मारत शेजारच्या गावी, बेव्हर्लीला गेला आणि पुढे देशभर यादवी पेटली. हे सांगताना तुम्ही असे फुलायचात, की ऐकणाऱ्याला वाटावं दार तुम्हीच लावलंत. घरात टीव्हीचा चॅनेल तुमच्या हुकमाशिवाय बदलत नसे.

त्या शनिवारी तुमचे कन्सल्टंट, म्हणजे तुमच्या वरचे मोठे डॉक्टर, सपत्नीक जेवायला यायचे होते. हॉस्पिटलमधली वरची जागा त्यांच्या हातात होती, म्हणून पुरणपोळीच हवी होती तुम्हाला. आई सकाळपासून पुरण वाटते आहे, गुणगुणते आहे. मी तूप वाढते आहे. साहेबांची बायको म्हणते, "डू सिट विथ अस, डिअर," आणि आई लाजत बसते, अख्खी पोळी खाते. तुम्ही वेशीची गोष्ट सांगता. सगळे हसतात.

पाहुण्यांची गाडी वळली आणि तुम्ही टाय सोडत आईला म्हणालात, "बुधवारी पुण्याहून फोन आला होता. तुझी आई गेली."

तुम्ही पुढे म्हणालात, "आधी सांगितलं असतं तर आजच्या जेवणाचं काय? आणि जाऊन तरी काय करणार होतीस? सगळं उरकलंय तिकडे."

आईने एकच विचारलं, "मी गोड खाल्लं?"

मग तिने नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घेतलं. सुतकात तिच्याकडून तुम्ही पुरणपोळ्या लाटून घेतल्यात, बाबा. माझ्या आजीसाठी तिला रडूसुद्धा दिलं नाहीत, कारण डोळे सुजलेले साहेबांना दिसले असते. तुमचा एवढा राग मला आधी कधी आला नव्हता, आणि तो नंतरही उतरला नाही.

रविवारी राउंड घेऊन परत आलात तर दाराला आतून बोल्ट. किल्ली फिरवून थकलात आणि वर पाहिलंत. मी खिडकीत होते, सोळा वर्षांची.

"अगं, ओपन द डोअर. काय पोरखेळ आहे हा?"

"आई नाही म्हणते."

"तिला खिडकीत बोलाव. दोन मिनिटं बोलतो."

"नाही, बाबा."

शेजारचा म्हातारा कुंपण कापायचं सोडून बघत होता. तुम्ही आवाज खाली आणलात. "निदान माझा कोट दे. गारठलोय मी."

मी कोट खाली टाकला, मुद्दाम चिखलाच्या बाजूला. म्हटलं, "बेव्हर्लीला जा." तुम्हाला ते बरोबर कळलं. खाली वाकून कोट उचललात आणि झटकत बसलात. इतके लहान दिसलात की मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं.

तुम्ही खरंच बेव्हर्लीला खोली घेतलीत. वरची जागा मिळाली, घर मिळालं नाही. काही वर्षांनी त्याच खोलीत वारलात. क्रेमेटोरियमच्या दारात तुमचे मित्र मला म्हणाले, "बायकोने बाहेर काढलं, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं गं. शेवटपर्यंत तिला बोल लावत होता."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर सांगून टाकते. त्या दुपारी आई माझ्या मागे पलंगावर बसली होती. तुम्ही कोट मागितलात तेव्हा म्हणाली, "जा, उघड त्यांना. थंडी आहे." एकदाच म्हणाली. मी हलले नाही, आणि तिने पुन्हा सांगितलं नाही. बोल्टही मीच लावला होता. तुम्ही भलत्याच माणसावर दात धरून मेलात, बाबा, आणि तुम्ही असताना हे तुम्हाला सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही.