थंडीत झोपणारे

३ नोव्हेंबर
पांढुर्ण्याला पोचले. घर हवेशीर, स्वयंपाकघर ऐसपैस, संत्र्यांचा हंगाम म्हणून रस्ताभर वास. स्टेशनवरून आणताना अभिजीत म्हणाला, गायत्रीला सातवा लागलाय, तिला आई नाही, तेव्हा बाळंतपण इथेच, तुझ्या हातचं. म्हटलं, त्यासाठीच आले. सूनबाई मला पाहून रडली. ही सवय मोडावी लागेल.

५ नोव्हेंबर
घरमालकीण रजनीबाईंच्या दोन म्हशी आहेत, दूध त्यांचंच. मी ते न उकळता फ्रिजमध्ये ठेवते आणि वर आलेली साय डब्यात साठवते. उकळलं की सत्त्व जातं. बारा दिवसांनी घुसळून गायत्रीला रोज लोणी-खडीसाखर.
रजनीबाई दारातूनच म्हणाल्या, "बारा दिवस? उकळून घ्या जी बाई, पोटुशीले कच्चं नका देऊ."
त्यांना सांगितलं की मी एकतीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. थंडीत जंतू झोपतात. हे वाक्य दरवर्षी मुलींना लिहून देत असे. त्या म्हणाल्या, तुमचे जंतू शिकलेले असतील, आमचे अडाणी आहेत. उद्धट बाई.

१८ नोव्हेंबर
लोणी पांढरंशुभ्र उतरलं. गायत्रीला इतकं आवडलं की वाटी बोटाने पुसून खाल्ली. पुढच्या घाण्यासाठी साय साठवते आहे.

४ डिसेंबर
गायत्रीला ताप, पाठ दुखते. डॉक्टरांनी हवेवर ढकलून गोळ्या दिल्या. मी त्यांना सुनावलं. घरी येऊन रजनीबाईंनाही सुनावलं, गोठा घाण ठेवता म्हणून. अभिजीतने लगेच नदीपलीकडच्या सावरगावचा गवळी लावला. रजनीबाई मान हलवून धारा काढायला निघून गेल्या. याचाच जास्त राग आला.

७ डिसेंबर
परवाच गायत्रीला दवाखान्यात दाखल केलं. तीन दिवस इंजेक्शनं, ताप हटत नाही. रक्त तपासणीला गेलंय, त्यालाही वेळ लागणार. माझी जुनी विद्यार्थिनी डिंपल नागपूरला प्रयोगशाळेत आहे, तिला फोन केला. तिने पहिलं विचारलं, काय खाल्लं? कच्चं दूध, साय? म्हटलं, आमच्या घरी? छे.

८ डिसेंबर
मी छे म्हटलं तरी डिंपलने सांगितलंच, ते उतरवून ठेवते. एक जंतू थंडीत झोपत नाही. फ्रिजमध्ये सावकाश वाढत राहतो, फक्त तिथे निरुपद्रवी असतो. रोग करणाऱ्या जनुकांना जागं करणारा निरोप घडी घातलेल्या चिठ्ठीसारखा मिटलेला असतो, वाचता येत नाही. सदतीस अंशांना ती घडी उलगडते. म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेला. मग एकेक जनुक चालू होतं. पेशीत शिरायचं, आतल्या आत शेजारच्या पेशीत जायचं, बाहेर यायचंच नाही. वार ओलांडून बाळापर्यंत.
आणि गायत्रीला चालू असलेलं इंजेक्शन या जंतूला लागूच पडत नाही. दुसरं औषध आहे, पण कुणाला शंका आली तरच देणार. शंका यायला कुणीतरी सांगायला हवं.

९ डिसेंबर, सकाळ
डबा उघडला. वास नाही. बुरशी नाही. थंडगार, स्वच्छ. असल्या जंतूचा वास येत नाही, हे मला का शिकवलं नाही कुणी — मी तरी कुठे विचारलं.
एकतीस वर्षं. किती मुलींच्या वहीत ते वाक्य. त्यांची घरं, त्यांचे फ्रिज, त्यांच्या सुना —

९ डिसेंबर, दुपार
डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके नीट नाहीत. मग विचारलं, कच्चं काही खाण्यात आलं का. माझ्याआधी अभिजीतच हसला. "आई घरात असताना? शक्यच नाही."
मी हातातल्या औषधांच्या चिठ्ठीची घडी घातली. मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही —

१० डिसेंबर, सकाळ
रजनीबाई पेज घेऊन आल्या. गायत्री पेज नको म्हणते. माझा हात धरून म्हणाली, "आई, थोडं लोणी द्या ना. तेवढंच जातं."
हात तापलेला. थर्मामीटर न लावता कळतं, सदतीसच्या वर —
पहाटेपासून बाळ हललं नाही म्हणते.

१० डिसेंबर
बाकावर बसून लिहिते. डॉक्टर बाहेर येत आहेत. अभिजीत पुढे झाला. रजनीबाई माझ्याकडे बघतात. त्यांना माहीत आहे. पहिल्यापासून —
उठते. सांगते. डॉक्टर, दूध त्यांचं होतं पण उकळलं नाही ते मी, साय मी, आणि तिच्या तोंडात रोज सकाळी माझ्या हाताने —