दार लावा गं भवान्यांनो

३ मार्च, सोमवार
नातीचं पहिलं गाणं झालं! गाणं म्हणजे काय, भांडल्यासारखं भरभर बोलायचं, खाली धडाम धडाम. रॅप म्हणतात. नात आणि तिची मैत्रीण मुकी — नाव मुकी, पण जिभेला हाड नाही — दोघी माझ्या कपाटात बसून म्हणतात. रजयांमुळे बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणे. माझा आला! खोलीचं दार सताड उघडं बघून मी ओरडले, "दार लावा गं भवान्यांनो, डास शिरतायत!" तेही मोबाईलात उतरलं. पुसा म्हटलं, तर मुकी म्हणते, आजी, हेच सुरुवातीला ठेवायचं.

९ मार्च
चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे गाणं साफ करायला दिलं. फुकट करून देतो म्हणाला. तिथेच मला कळायला हवं होतं. आमच्या आत्याबाईंना एकाने असाच फुकट दात बसवून दिला होता — जाऊ दे, ते नंतर.

२१ मार्च
मेल्याने गाणं चोरलं. शब्द आमच्या पोरींचे, आवाज त्याच्या दोन भाच्यांचे. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच. नात जाब विचारायला गेली तर म्हणाला, "पुरावा काय? कपाटात बसून कोणी गायक होतं का?" पोर जेवली नाही. मी दोनदा जेवले. सूड उगवायचा तर अंगात ताकद हवी.

२२ मार्च
आज नीट ऐकलं. सुरुवातीला मी!! पोरींचे आवाज काढले, माझा ठेवला. कुठल्या तरी जुन्या सिनेमातला वाटला असेल गाढवाला. नातीला म्हटलं, आता तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. येत्या शनिवारी भाचे चौकात गाणार आहेत. मी गरम पाणी पितेय. घसा सांभाळायला हवा.

२९ मार्च
भाचे स्टेजवर चढले, त्यांच्यामागे मी. निवेदक म्हणत होता, आजी, खाली बसा, पडाल. माईक ओढला आणि दिली आरोळी — दार लावा गं भवान्यांनो! मग जो गलका झाला! तोच आवाज, सगळ्यांनी ओळखला. स्टुडिओवाल्याचं तोंड चुन्यासारखं. त्याला म्हटलं, "हा बघ पुरावा. गुडघे दुखतात, म्हणून यायला उशीर झाला." पुढचं गाणं पोरींनीच म्हटलं. भाचे कधी पळाले कळलंही नाही.

११ एप्रिल
दुसरं गाणं आलं. नाव 'फुकट'. सगळं त्याच्यावर. तो रस्त्याने निघाला की पोरंटोरं ओरडतात, दार लावा! काल खिडकीतून मीही ओरडले. वयाला शोभत नाही. फार बरं वाटलं.

५ जून — चार वर्षांनी
माळ्यावर ही वही सापडली. आता गल्लीत सोळा पोरी रॅप करतात, सगळ्यांचं पहिलं गाणं माझ्याच कपाटात. एक दार निखळलंय त्याचं. कोणीही गाणं सुरू करताना आधी "दार लावा" म्हणते, रीतच पडली. स्टुडिओवाल्याने पाटी दोनदा बदलली, तरी लोक ओळखतात. मीही विसरले नाही. विसरायला काय मी म्हातारी झालेय?

६ जून
स्टुडिओवाला दारात. मान खाली. बरोबर त्याची लेक — "आजी, मला कपाटात बसायचंय."
तिला आत घेतलं. त्याला म्हटलं, दार लाव. बाहेरून.