ओतून दिलेला रांजण

पडेगाव, वैशाख

प्रिय भागू,

मी बोलतेय आणि नात, अक्षदा, लिहितेय. तिला बजावलंय, आजीचं बोलणं सुधारायचं नाय. इकडं नळाला पाणी नाय, पण इमारती मात्र दुष्काळातही वाढतात. आमचा चरायचा माळ प्लॉटवाल्यांनी चुन्यानं आखून टाकलाय. तुमच्या फुलंब्रीच्या रानात आम्ही खतासाठी मेंढरं बसवायला यायचो, तेव्हापासून आपण दोघी एका डबीतली मिश्री लावतोय.

माझ्या तोंडात पांढरा चट्टा उठला. डॉक्टरीण म्हणाली, मिश्री बंद. मी मान हलवली आणि घरी येऊन तव्यावर तंबाखू भाजली. शेवटी तिनं तलफ मारायची गोळी लिहून दिली. कोकराचं दूध तोडायला आपण सडांना शेण फासायचो, तसलाच प्रकार. फक्त कोकरू सत्तरीचं. तलफ जाते, पण मळमळ लई. आणि स्वप्नं! परवा सगळी मेंढरं सुनेच्या फरशीवर घसरत होती आणि आमचे मालक काठी घेऊन मलाच हाकत होते.

हसलीस? आता ऐक. ही गोळी भरल्या पोटी घ्यायची असते. चतुर्थीला तुझ्याकडं आले तेव्हा उपास होता. उपास मोडवेना, गोळी चुकवायची भीती; एसटीत उपाशीपोटीच गिळली. तू डबी पुढं केलीस, मी म्हटलं दाढ दुखतेय. मिश्री सोडणाऱ्या बायांना आपण किती हसलोय! गोळ्या खाऊन सोडतेय, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?

मग तुझ्या सुनेनं, आशाबाईनं, तांब्या दिला. दोन घोट प्यायले आणि अंगणातच ओकले. तू तांब्या हुंगलास, सुनेनं रांजण उघडा टाकला म्हणालीस आणि अख्खा रांजण ओतून दिलास. टँकरचा तर पत्ता नव्हता. ती बिचारी ओल्या मातीकडं बघत राहिली. गोळ्यांची पट्टी माझ्या कमरेच्या पिशवीत होती. मी तोंड पुसलं आणि गप बसले. वर तू पदरानं वारा घातलास, तोही घेतला.

तुझा लेक सुदर्शन भेटला होता. म्हणाला, तेव्हापासून तू आशाबाईला पाण्याला हात लावू देत नाहीस. भागू, लाजेनं घास गिळवत नाय. तरी गिळते, कारण गोळी सोडलेली नाय.

फोन केला असता, पण फोनवर मी थट्टेत उडवलं असतं, आणि ऐकलं असतं तू एकटीनं. मला लिहिता येत नाय, तुला वाचता येत नाय. तुझ्या घरात पत्र वाचणारी एकच आहे, म्हणून हे पत्र. आशाबाई, पोरी, इथं आवाज बारीक करू नकोस. सासूला मोठ्यानं वाचून दाखव : रांजणावर झाकण होतं. मी पाहिलं होतं.

अजून म्हणशील तर तुझीच,
सखू